फॉरमॅट मारू का?

बार्शीहून एक ताई लिहितात:

"घराच्या पुढच्या खोलीत बसून मी अकरा दुकानांचे हिशेब लिहिते. दोन अडत दुकानं, बाकी किराणा, कापड, मेडिकल. मागच्या सोमवारी दुपारी लाइट दोनदा गेली. यूपीएसची बॅटरी दिवाळीपासूनच बसलेली. दुसऱ्यांदा मशीन सुरू केलं तर निळा पडदा आला, मग ते आपोआप पुन्हा सुरू झालं, पण हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडेना. भाचा डिप्लोमाला आहे, त्यानं ते काढून पुन्हा टाकलं. शेवटापर्यंत जातं आणि उलटं मागं फिरतं, १६०३ असा नंबर दाखवतं. सहा वेळा केलं. मग त्यानं सफाईचं एक सॉफ्टवेअरही चालवून पाहिलं. काँप्युटरच्या दुकानातले म्हणतात, फॉरमॅट मारा, तासाभराचं काम. माझा बॅकअप एप्रिलचा आहे. मशीन आठ वर्षांचं, हल्ली फार हळू चालायचं, कधी कधी आतून टक्-टक् आवाज येतो. सकाळी सुरू केलं की तारीख २०१७ ची दाखवतं, ती मी रोज हातानं बदलते. ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरण, भरायचंय. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. फॉरमॅट मारू का?"

ताई, नाही. फॉरमॅट मारू नका, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकू देऊ नका. हे वाचताना मशीन चालू असेल तर ते आधी बंद करा आणि मगच पुढचं वाचा. सातव्यांदा सॉफ्टवेअर टाकून बघू नका, आणखी कुणी येऊन "एकदा मी बघतो" म्हणाला तरी हात लावू देऊ नका.

कारण सांगतो. खतावणीच्या सुरुवातीच्या अनुक्रमणिकेतून एखाद्या खात्याचं नाव खोडलं, तरी ते पान वहीत तसंच राहतं. त्या पानावर कुणी दुसरं काही लिहिलं की मग ते गेलं. हार्डडिस्कवर फाइल पुसली जाते ती अशीच. फक्त नाव खोडलं जातं आणि जागा "रिकामी" म्हणून धरली जाते. तुमच्या भाच्यानं सहा वेळा सेटअप चालवलं, म्हणजे सहा वेळा शेकडो एमबी मजकूर त्या "रिकाम्या" जागांवर लिहिला गेला. सॉफ्टवेअर काढताना तुमचा डेटा पुसला गेला असेल, तर त्याच्या पानांवर आपणच रेघोट्या ओढतो आहोत. आणि पुसला गेला नसेल, बहुतेक वेळा तो गेलेला नसतोच, तर टक्-टक् करणाऱ्या डिस्कवरून तो सुखरूप उतरवायला मिळणारा वेळ आपण खर्चून टाकतो आहोत.

भाच्याला एवढंच विचारा, की सॉफ्टवेअर काढताना "डेटापण काढायचा का" असा प्रश्न आला होता का, आणि त्यानं काय दाबलं. शांतपणे विचारा. पोरं घाबरली की खरं सांगत नाहीत, आणि इथं खरं उत्तर मिळणं फार मोलाचं आहे. त्यानं मदतच करायचा प्रयत्न केला.

आता ११ तारीख. ती या मशीनपासून सोडवून घ्या, म्हणजे तुम्हाला झोप लागेल. जीएसटीआर-१ भरायला तुमचं सॉफ्टवेअर लागतंच असं नाही. अकरा दुकानांची बिलबुकं दुकानांत आहेत. जीएसटीच्या पोर्टलवर बिलं थेट भरता येतात, आणि बिलं जास्त असतील तर जीएसटीएननं, म्हणजे हे पोर्टल चालवणाऱ्या संस्थेनं, दिलेलं ऑफलाइन टूल आहे, ते फुकट मिळतं आणि एक्सेलमध्ये भरलेली बिलं त्यात घेता येतात. कुणाचा तरी लॅपटॉप चार दिवस मागून घ्या. ज्या दुकानांचं विवरण तिमाही आहे ती बाजूला ठेवा, त्यांना अजून अवकाश असेल. दोन अडतवाल्यांपासून सुरुवात करा, बिलं त्यांचीच सगळ्यात जास्त असणार. आणखी एक आधार तुमच्या हाताशी आहे. एप्रिलपासून आजवर भरलेली सगळी विवरणं पोर्टलवर आहेत, आणि खरेदीच्या बाजूचं जीएसटीआर-२बी हे विवरणही तिथूनच उतरवता येतं. म्हणजे अगदी काहीच हाती लागलं नाही, तरी एप्रिलचा बॅकअप आणि पोर्टलवरचा मजकूर यांतून विक्री-खरेदी पुन्हा उभी राहते. राहील तो रोजमेळ, त्यासाठी बँकेचे खातेउतारे आणि दुकानदारांच्या रोख वह्या धुंडाळाव्या लागतील. कष्ट आहेत, पण तुम्ही बुडालेल्या नाही आहात.

आता डिस्क. काँप्युटर दुरुस्त करणारा माणूस घरी बोलवा किंवा कॅबिनेट घेऊन जा, पण दुकानात पाऊल टाकताच सांगा: "विंडोज टाकायचं नाही. आधी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावा आणि डेटा कॉपी करा." साटा-ते-यूएसबी केबल प्रत्येक कारागिराकडे असते. डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की तिच्यावरचं विंडोज सुरू होत नाही, ती नुसती एखाद्या मोठ्या पेनड्राइव्हसारखी वाचली जाते. तेवढ्यानंच तिचे कष्ट खूप कमी होतात. कॉपी करा, कट-पेस्ट नको. आणि कॉपी दुसऱ्या डिस्कवर, त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर नव्हे. सी आणि डी ही एकाच घरातली दोन खोल्यांची नावं आहेत, घर पडलं तर दोन्ही पडतात.

आवाजाचं मात्र आधी ठरवा. कारागिराला कॅबिनेटची बाजूची पत्रा-झाकणी काढून आवाज कुठून येतो ते ऐकू द्या. पंख्याला वायर घासत असेल तर तोही टक्-टक् करतो. पण आवाज डिस्कच्याच पोटातून, एका लयीत येत असेल आणि डिस्क वाचायला फार वेळ लावत असेल, तर तिथेच थांबा. मग ते साध्या दुकानाचं काम नाही. डेटा परत मिळवून देणाऱ्या खास प्रयोगशाळा असतात, पुण्या-मुंबईत त्या आहेत. खर्चिक आहे, म्हणून आधी लेखी अंदाज मागा आणि अकरा दुकानांच्या सात-आठ महिन्यांच्या कामाशी तो तोलून बघा. आवाज नसेल पण डिस्क अडखळत वाचत असेल, तर लिनक्सच्या (विंडोजसारखीच एक वेगळी प्रणाली) पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू नावाचं सॉफ्टवेअर चालवून डिस्कची अख्खी नक्कल काढता येते. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि मग अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. चांगल्या कारागिराला ते ठाऊक असतं.

डेटा असतो कुठे, हे कुणी तुम्हाला कधी सांगितलं नसेल. सॉफ्टवेअर जिथं टाकलं जातं, तिथंच डेटा असेल असं नाही. सी ड्राइव्हमधलं 'प्रोग्रॅमडेटा' नावाचं फोल्डर बघा, ते लपवलेलं असतं, 'हिडन आयटम्स' चालू केल्यावर दिसतं. 'यूजर्स' मधलं 'पब्लिक' बघा, तुमच्या नावाचं फोल्डर आणि त्यातलं 'डॉक्युमेंट्स' बघा. सी ड्राइव्हवर थेट सॉफ्टवेअरच्या नावाचं फोल्डर आहे का बघा. सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हरवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर, चालणारं असेल तर 'प्रोग्रॅम फाइल्स' मधल्या 'मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर' च्या आत 'डेटा' नावाच्या फोल्डरमध्ये एमडीएफ आणि एलडीएफ अशा जोडीनं फाइली असतात. दोन्ही उचला, एकटी एमडीएफ आणाल तर पुढे अडचण येऊ शकते. जुन्या घडणीचं सॉफ्टवेअर असेल तर डीबीएफ किंवा एमडीबी फाइली मिळतील. बरीच सॉफ्टवेअर बंद होताना आपणहून बॅकअप काढून ठेवतात, म्हणून नावात 'बॅकअप' असलेलं प्रत्येक फोल्डर उघडा. "परवानगी नाही" असं आलं तर 'कंटिन्यू' दाबून थांबा, वेळ लागतो. आणि काय घ्यायचं, काय सोडायचं याचा घोळ वाटला तर सगळंच घ्या. आठ वर्षांच्या मशीनवरचं सगळं मिळूनही पाचशे जीबीच्या आत बसण्याची शक्यता मोठी आहे.

इथं तुमच्या त्या २०१७ च्या ओळीकडे येतो. पत्रात १६०३ हा आकडा तुम्ही दोनदा अधोरेखित केला आहे, पण मला तारखेची ओळ जास्त बोलकी वाटली. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा गोल सेल असतो, सीआर२०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. मशीनचा प्लग काढलेला असतानाही घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो संपला की मुख्य बटण बंद केल्यावर घड्याळ मागं, मदरबोर्ड बनला त्या सुमाराच्या तारखेवर जातं. तुमचं तेच होत आलंय. त्या सोमवारी लाइट दोनदा गेली, म्हणजे तारीख दोनदा २०१७ झाली. त्या गडबडीत ती कुणी बदलली होती का? नसेल, तर पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. सेटअपवर कंपनीची डिजिटल सही असते, तिचं प्रमाणपत्र अमुक तारखेपासून लागू. २०१७ सालातल्या मशीनला ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच न आलेलं वाटतं. लायसन्स तपासणाऱ्या भागाला वाटतं, मुदत चुकवायला कुणीतरी घड्याळ मागं फिरवलं, आणि तो दार लावून घेतो. इंटरनेटवरून वेळ जुळवायची सोय विंडोजमध्ये आहे, पण फरक वर्षांचा असला की ती आपणहून जुळवून घेत नाही.

आणि डेटा शोधताना याचा थेट उपयोग आहे. आपण साहजिकच "शेवटच्या सोमवारी बदललेल्या फाइली" शोधणार. पण मशीन स्वतःला २०१७ मध्ये समजत असताना तुम्ही एखादी नोंद केली असेल, किंवा सॉफ्टवेअरनं आपणहून बॅकअप काढला असेल, तर त्या फाइलीवर शिक्का २०१७ चा बसलेला असेल. तारखेच्या क्रमानं लावल्यावर ती सगळ्यात खाली जाऊन बसेल आणि जुनी म्हणून सोडून दिली जाईल. दोन्ही टोकं बघा. सेल मात्र आजच बदलून घ्या, चहा-भज्यांच्या खर्चात येतो.

आता एक नको सांगतो, आणि ते कळकळीनं सांगतो. कुणीतरी म्हणेल, "चेकडिस्क मारू, सगळं नीट होईल." चेकडिस्क म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करायची विंडोजमधली सोय. डेटा दुसरीकडे उतरल्याशिवाय चेकडिस्क दुरुस्तीच्या पर्यायासह चालवू देऊ नका. मी स्वतः हे केलेलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी, एका पतसंस्थेत. लाइट जाऊन मशीन बसलं होतं, सॉफ्टवेअर उघडत नव्हतं. मला वाटलं आधी डिस्क स्वच्छ करून घेऊ. चेकडिस्क चालली, तासाभरानं संपली, "दुरुस्ती झाली" म्हणाली. सी ड्राइव्हवर फाउंड.००० नावाचं एक नवं फोल्डर आलं. उघडलं तर आत फाइल००००.सीएचके, फाइल०००१.सीएचके अशा शेकडो फाइली, सगळ्या बिननावाच्या. ठेवींचं खातं होतं त्या जागी आता हे तुकडे होते. चेकडिस्कची बांधिलकी डिस्कची मांडणी सुसंगत ठेवण्याशी असते. त्यासाठी ज्या फाइलीचा धागा तिला लागत नाही ती फाइल ती तोडते. तिथले सचिव काही बोलले नाहीत. त्यांनी कपाटातून कागदी खतावण्या काढल्या आणि आम्ही तिघांनी नऊ रात्री बसून नोंदी पुन्हा केल्या. तेव्हापासून माझा क्रम कधी बदलला नाही. आधी डेटा बाहेर, मग बाकीचं सगळं.

डेटा बाहेर आला की डिस्कची नाडी बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं सॉफ्टवेअर फुकट आहे. त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघायच्या. ०५ म्हणजे खराब होऊन बदललेल्या जागा, सी५ म्हणजे संशयित, सी६ म्हणजे वाचताच न आलेल्या. या ओळींच्या शेवटच्या रकान्यात सगळी शून्यं नसतील आणि वरती पिवळ्यात 'कॉशन' लिहिलेलं असेल, तर त्या डिस्कवर हिशेबाचं काम पुन्हा ठेवू नका, ती कितीही चालती वाटली तरी. सी७ ची ओळ तेवढी वेगळी. ती वाढलेली असेल तर दोष बहुधा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या केबलचा असतो. केबल बदलून भागतं. नवी डिस्क घ्यायचीच तर एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, घ्या, हळूपणाची तक्रारही जाईल. मात्र एसएसडीवर पुसलेली फाइल परत मिळणं जवळपास अशक्य असतं, कारण रिकामी झालेली जागा ती आपणहून साफ करून टाकते. वर सांगितलेला वहीचा दाखला तिला लागू नाही. जुनी डिस्क एका पाकिटात घालून, तारीख लिहून कपाटात ठेवा. फेकू नका, कुणाला देऊ नका.

रॅम, म्हणजे मशीनची कामापुरती स्मृती, तीही तपासून घ्या. विंडोजमध्ये मेमरी तपासायची सोय आहे. रॅम सदोष असली की सेटअपच्या फाइली उलगडतानाच बिघडतात, आणि आपण नवं सेटअप उतरवत बसतो. आपले कारागीर रॅम काढून तिच्या सोनेरी टोकांवर खोडरबर फिरवतात. आठ वर्षं धुळीत बसलेल्या मशीनला त्या रबरानं खरंच गुण येतो.

एवढं झाल्यावर १६०३. हा आकडा विंडोजच्या इन्स्टॉलरचा आहे आणि त्याचा अर्थ फक्त "जमलं नाही" एवढाच. डॉक्टरांनी "ताप आहे" म्हणावं तसं. सेटअप कुठेतरी अडलं, आणि अर्धवट सोडायचं नाही म्हणून त्यानं आतापर्यंत मांडलेलं सगळं उचलून घेतलं. येरे माझ्या मागल्या. कुठं अडलं ते मात्र त्यानं लिहून ठेवलेलं असतं, आणि ते वाचल्याशिवाय पुन्हा टाकणं म्हणजे तेरीज जुळत नाही म्हणून तीच बेरीज सहा वेळा करणं. तुम्ही तसं कधी करत नाही, तुम्ही फरकाची रक्कम घेऊन ती कुठल्या पानावर आहे ते शोधता. इथं तेच करायचं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबून उघडलेल्या चौकटीत टक्केवारीचं चिन्ह, टेम्प, पुन्हा टक्केवारीचं चिन्ह टाइप करा. उघडलेल्या फोल्डरमध्ये एमएसआयनं सुरू होणारी, लॉगनं संपणारी ताजी फाइल शोधा. नसेल तर भाचा एमएसआयएक्झेक या इन्स्टॉलर चालवणाऱ्या आज्ञेला लॉगचा पर्याय देऊन ती बनवू शकेल, डिप्लोमावाल्याला ते जड नाही. त्या फाइलीत "रिटर्न व्हॅल्यू ३" हे इंग्रजी शब्द शोधा. मजकूर हजारो ओळींचा असतो, पण खरं कारण त्या शब्दांच्या वरच्या दहा-वीस ओळींत असतं. तेवढ्या ओळी मला पाठवल्यात तरी पुरे.

तुमच्या बाबतीत तिथं काय निघेल याचा माझा अंदाज असा. पहिला संशय सफाईच्या सॉफ्टवेअरवर. सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये 'इन्स्टॉलर' नावाचं लपवलेलं फोल्डर असतं. टाकलेल्या सॉफ्टवेअरच्या मूळ सेटअपची प्रत तिथं जपलेली असते, काढताना किंवा दुरुस्त करताना तीच लागते. काही सफाईवाले तिला कचरा समजून उडवतात. मग जुनं नीट निघत नाही आणि नवं बसत नाही. त्यावर मायक्रोसॉफ्टचं इन्स्टॉल-अनइन्स्टॉल ट्रबलशूटर आहे, ते अडकलेल्या नोंदी सोडवतं. दुसरा संशय अर्धवट राहिलेल्या सेवेवर, म्हणजे पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रॅमवर. जुन्या सॉफ्टवेअरची डेटाबेस चालवणारी सेवा "पुसायची आहे" अशा खुणेनिशी लटकून राहते आणि त्याच नावाची नवी उभी राहू देत नाही. मशीन पूर्ण नव्यानं सुरू केलं की बहुधा ती सुटते. इथं एक गंमतशीर वाटेल पण खरी गोष्ट: विंडोज १० मध्ये 'शट डाउन' करून पुन्हा चालू केलं तर ते पूर्ण नव्यानं सुरू होत नाही. आतला गाभा झोपवून ठेवलेला असतो आणि तोच उठवला जातो. 'रीस्टार्ट' च करायला हवं.

तिसरा संशय डॉटनेट ३.५ वर, हा मायक्रोसॉफ्टचा पायाभूत संच आहे. जुन्या सॉफ्टवेअरला ते लागतं आणि विंडोज १० मध्ये ते मुळात बंद असतं, 'विंडोज फीचर्स' मध्ये जाऊन खूण करावी लागते. एखादी डीएलएल फाइल (सॉफ्टवेअरला लागणारा जोडभाग) नाही असा निरोप आला तर ती एकटी फाइल कुठल्यातरी साइटवरून उतरवू नका, मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ चं पूर्ण पॅकेज टाका, ३२ आणि ६४ बिटांचं दोन्ही. टाकताना सॉफ्टवेअरची आधी चालत होती तीच आवृत्ती टाका. नव्या आवृत्तीत डेटा एकदा उघडला की तो बऱ्याचदा जुन्यात परत उघडत नाही.

फॉरमॅटला माझा कायमचा विरोध नाही. डिस्क बदलली तर नवं विंडोज टाकावंच लागेल. पण तो शेवटचा मार्ग असावा, पहिला नव्हे. १९ जुलै २०२४ ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभर सुमारे ८५ लाख विंडोज मशीन एकदम निळी पडली होती, आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यावरचा उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणं. ज्यांनी घाईनं सगळं नव्यानं टाकलं असेल त्यांनी आपल्या हातानं नुकसान करून घेतलं.

नवं विंडोज टाकायची वेळ आलीच तर दुकानातल्या "सगळं आत आहे" अशा पेनड्राइव्हवरून टाकून घेऊ नका. त्यातले काही भाग कापून हलके केलेले असतात, डॉटनेटसारख्या गोष्टी मग कधीच बसत नाहीत, आणि आणखी काय आत शिरलेलं असतं ते कुणी पाहिलेलं नसतं. दुसऱ्यांचे हिशेब आणि पासवर्ड तुमच्या मशीनवर आहेत. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर मूळ विंडोज उतरवून घ्या. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आठ वर्षांचं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसेलच असं नाही, तेव्हा नव्या डिस्कवर खर्च करण्याआधी हे विचारून घ्या. कदाचित नवं मशीनच स्वस्त पडेल.

सॉफ्टवेअरच्या लायसन्सचं बिल, सिरीयल नंबर आणि नोंदवलेला मोबाइल हाताशी ठेवा. लायसन्स बऱ्याचदा मशीनच्या भागांशी बांधलेलं असतं. डिस्क किंवा बोर्ड बदलल्यावर "आधीच वापरात आहे" असं आलं तर कंपनीला फोन करून रीसेट मागा. मशीन बंद पडलं हे कारण त्यांना नवीन नसतं. कुणी क्रॅक, म्हणजे लायसन्स चुकवणारी चोरवाट, देऊ केला तर घेऊ नका, अकरा घरांचा विश्वास तुमच्याकडे आहे.

सगळं बसल्यावर लगेच नोंदी करायला बसू नका. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपायचे असतात, म्हणजे जुनी वर्षंही नीट उघडायला हवीत. आधी उतरवलेल्या डेटाची आणखी एक प्रत काढा आणि सॉफ्टवेअरला ती प्रत द्या, मूळ नको. मोठ्या अडत दुकानाचं खातं उघडून ३१ मार्चची शिल्लक सीएंनी सही केलेल्या ताळेबंदाशी लावा, मग त्या सोमवारच्या आदल्या दिवसाची बँक शिल्लक खातेउताऱ्याशी. दोन्ही जुळल्या तर बाकीची दहा दुकानं याच रीतीनं बघा. नाही जुळल्या तर एकही नोंद करू नका, फरकाचा आकडा आणि शेवटच्या दिसणाऱ्या नोंदीची तारीख मला कळवा.